वाचून दाखविले

आधीच सांगतो, सरोजताईंचं कौतुक करायला माझ्याइतका नालायक माणूस महाडात सापडायचा नाही. सव्वीस वर्षं त्यांच्या टेबलाला टेबल लावून बसलो आणि त्यातली दोन त्यांच्यावर रुसून काढली. पण दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही. ज्यांना लिहिता येतं ते सगळे वकील आहेत, आणि वकील फुकट लिहीत नाहीत.

कचेऱ्यांच्या गल्लीत एक पत्र्याची शेड आहे. तिथे मी, राजेंद्र पोरे, मुद्रांक विकतो. माझ्या डाव्या हाताला सरोज नातेकरांचं टेबल. खरेदीखत, प्रतिज्ञापत्र, हक्कसोडपत्र, वारसाचा अर्ज, जे म्हणाल ते टाइप करून मिळेल. टेबल मूळचं त्यांच्या यजमानांचं, गंगाधररावांचं. गंगाधरराव मसुदे रचायचे आणि ताई टाइप करायच्या. बारा वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचे मसुदे मागे राहिले आणि ताई एकट्या बसू लागल्या.

टाइप केलेल्या कागदाची रुजुवात घ्यावी लागते. म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने टाइप केलेल्या प्रतीवर बोट फिरवत ऐकायचं. गंगाधरराव असताना ते वाचायचे. ते गेल्यावर वाचायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. माझा आवाज खणखणीत. ‘यांसी’ आणि ‘कारणे’ मी अशा थाटात म्हणायचो की समोरच्या चहावाल्याने हात थांबवून ऐकावं. मला स्वतःलाच स्वतःचा हेवा वाटायचा.

पण हे वाचन आमच्यापुरतं, चुका काढण्यापुरतं. दस्ताच्या शेवटी आणखी एक ओळ असते: ‘सदर दस्त पक्षकारांस वाचून दाखविला, तो त्यांनी समजून उमजून सही अंगठा केला.’ ही ओळ मी हजारो कागदांवर पाहिली आहे. कुणी पक्षकाराला दस्त वाचून दाखवताना मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. त्यात कुणाचा फार मोठा कट होता असंही नाही. वरंधहून आलेल्या म्हातारीला परतीची गाडी गाठायची असते, वकिलाला आत पुकारा होतो, भावाला भूक लागलेली असते. ‘हितं अंगठा लाव गो, झालं’ म्हटलं की झालं. साक्षीदार म्हणून कोण? बाजूलाच बसलेला राजेंद्र पोरे.

ताईंची नजर कधी कमी झाली ते आम्हाला कळलंच नाही, कारण त्यांनी कळू दिलं नाही. काचबिंदू होता. बोटं तर टाइपरायटरच्या जमान्यापासूनची, त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. मला कळलं ते एका दुपारी. मी चहाला गेलो होतो. परत येऊन पाहतो तर ताई माझ्या रिकाम्या खुर्चीला सांगत होत्या, “राजाभाऊ, तो शंभर नंबरचा सर्व्हे जरा पुन्हा वाचता का?”

मी परत मागे फिरलो, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि मग खोकत खोकत आलो. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. ताईंना ते खोकणं खोटं आहे हे समजलं होतं, पण हे त्यांनी मला कितीतरी नंतर सांगितलं.

मग एकवीस सालचा पूर आला. शेडमध्ये डोक्याच्या वर पाणी होतं. ताईंचा कॉम्प्युटर चिखलाचा गोळा झाला. डोळेही जवळजवळ गेलेले. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात धरलं की आता हे टेबल उठलं. दोघांतिघांनी तर त्या जागेवर डोळा ठेवला होता, आणि खोटं कशाला बोलू, त्यातला एक मी होतो. मला माझं टेबल जरा ऐसपैस करायचं होतं.

चार महिन्यांनी ताई नवा कॉम्प्युटर घेऊन हजर. सोबत पुण्याहून मुलगी श्रिया. तिने सीपीयू चार विटांवर चढवला, दोन छोटे स्पीकर जोडले आणि एक प्रोग्राम घातला. टेबलावरचा पडदा आता फक्त आम्हा डोळसांसाठी होता. ताई बोलतील ते हा प्रोग्राम ऐकणार, आणि त्यांनी टाइप केलेलं मोठ्याने वाचून दाखवणार. फाइल उघड म्हटलं की उघडणार, वेळ विचारली की सांगणार. ताईंनी त्याचं नाव ठेवलं कारकून. पण कचेऱ्यांच्या गल्लीत दर दोन मिनिटांनी कुणीतरी कारकुनाच्या नावाने ओरडत असतो. ओरडला की हा लगेच म्हणणार, “बोला, ऐकतो आहे.” आमच्याकडे खरा कारकून हाकेला इतक्या पटकन ओ देत नाही, त्यामुळे लोक घाबरले. शेवटी नाव बदलून चिटणीस केलं. चिटणिसाला या गल्लीत कुणी हाक मारत नाही.

चिटणिसाचा आवाज म्हणजे सर्दी झालेल्या तलाठ्याचा. चढ नाही, उतार नाही. पूर्णविरामाला थांबायचं की नाही याचा त्याने स्वतःशी काही निर्णय केलेला होता, तो आम्हाला कळला नाही. वर, श्रियाकडे प्रत होती म्हणून पुरातून बचावलेले जुन्या फॉन्टमधले गंगाधररावांचे मसुदे त्याला वाचताच येईनात. त्यांच्या जागी तो भलतीच इंग्रजी अक्षरं ओकायचा. मी खूश झालो. म्हटलं, आता आठवड्यात मला बोलावणं येतंय. ताईंनी काय करावं? सगळेच्या सगळे मसुदे, चाळीसच्या वर, नव्याने टाइप केले. पाठ होते त्यांना. कुठे अडलं तर श्रिया फोनवरून तिच्याकडची प्रत वाचून दाखवायची. पावसाळाभर घरी बसून त्यांनी हे केलं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, हे मी मुद्दाम नोंदवतो. आम्ही मोबाइलमध्ये नंबर सेव्ह करायला दुसऱ्याला देतो.

तर माझी रुजुवात गेली. म्हणून मी रुसलो. वकिलांनी सांगावं, ताईंनी टाइप करावं, चिटणिसाने वाचावं, ताईंनी ऐकून चूक पकडावी. दिवसभर माझ्या डाव्या कानाशी त्याची ती सर्दी. मी एकदा म्हटलंही, “ताई, कानात घालायचं काहीतरी मिळतं ना? तुम्हाला एकटीला ऐकू येईल.”

“मिळतं. श्रियाने दिलंय.” ताई म्हणाल्या. “पण राजाभाऊ, डोळे गेले, आता समोर कोण आलं, कोण गेलं, कागद कुणी उचलला, हे मला कानानेच दिसतं. कान बुजवले तर मी दुसऱ्यांदा आंधळी होईन.”

मी आपली मुद्रांकांची वही पुढ्यात ओढली. पण या स्पीकरमुळेच पुढे जे व्हायचं ते झालं.

मागल्या वर्षी, मार्चमध्ये, तुडीलची हफिजाबी आणि तिचा धाकटा भाऊ अमजद आले. अमजद पंधरा वर्षं कुवेतला होता, आता परत येऊन ट्रक चालवतो. वडिलांच्या भातशेतीवरचा हक्क बहिणीने सोडायचा, असं दोघांत ठरलं होतं. बहीण विधवा, नदीकाठच्या जुन्या घरात राहते. ते घर तिचं, शेत त्याचं. गोडीगुलाबीचा मामला. यशराज वकिलांनी नेहमीसारखं सांगितलं, “हक्कसोडपत्र, आपला नेहमीचा मसुदा, नावं आणि गट नंबर एवढे बदला.” आणि ते आत गेले.

ताईंनी नावं बदलली, नंबर बदलले आणि म्हणाल्या, “चिटणीस, वाच.”

हफिजाबी बाकावर बसून पदराने वारा घेत होती. चिटणीस वाचत होता. पहिला परिच्छेद, दुसरा, गट नंबर, चतुःसीमा. चतुःसीमा ऐकताना तिने मान डोलावली. पूर्वेला कुणाचा बांध, पश्चिमेला कुणाचा, सगळं बरोबर. मग पाचवा परिच्छेद आला.

“तसेच वर नमूद मिळकतीशिवाय आमच्या वाडवडिलांच्या नावे असलेल्या वा पुढे आढळून येणाऱ्या सर्व स्थावर व जंगम मिळकतींवरील आमचा हक्क आम्ही कायमचा सोडून दिला आहे.”

हफिजाबीचा वारा थांबला. “ह्ये काय म्हणाला तो?”

“नेहमीचंच आहे ते,” मी घाईने म्हटलं.

“नेहमीचा काय? सगळी मिळकत म्हंजे माजा घर पण?”

ताईंनी चिटणिसाला तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. या वेळी शेडमधले सगळेच ऐकत होते. हफिजाबी भावाकडे बघू लागली, आणि तिची नजर मला बघवेना. पण अमजद तिच्याहून जास्त हबकला होता. “आपा, अल्लाची कसम, मी ह्ये बोललोच नाय. घर तुजा हाय. वकीलसायबांना पण मी शेतच सांगितला.” खरं होतं. त्याने सांगितलं नव्हतं आणि वकिलांनीही मुद्दाम घातलं नव्हतं. ते वाक्य आपोआप आलं होतं.

मग ताई सगळ्यांदेखत बोलल्या. “हे वाक्य यांनी घातलेलं आहे, माझ्या यजमानांनी. फार वर्षांपूर्वी एक भांडखोर घराणं होतं, रोज नवीन वाद काढायचं. त्यांचा तंटा मिटावा म्हणून त्यांच्यापुरतं घातलं होतं. मग तोच कागद समोर ठेवून पुढचा केला, त्यावरून त्याच्या पुढचा. मसुद्याला चिकटलं ते निघालंच नाही. मी शेकडो वेळा टाइप केलंय, चिटणिसाकडून ऐकलंसुद्धा आहे. पण मी चुका ऐकत होते, अर्थ ऐकलाच नाही.” एवढं बोलून त्यांनी तो परिच्छेद काढून टाकला. मूळ मसुद्यातूनही काढला. नवऱ्याच्या हातची ओळ पुसताना त्यांचा हात जरासुद्धा अडखळला नाही. मला त्या बाईचा फार अभिमान वाटला.

आणि त्याच वेळी मला घाम फुटला होता. का ते सांगून टाकतो, म्हणजे माझीही सुटका होईल.

माझी धाकटी बहीण रूपाली पोलादपूरला दिलेली. दोन हजार नऊ साली, बाबा गेल्यावर, तिने याच शेडमध्ये मला हक्कसोडपत्र करून दिलं. बाजारपेठेतल्या घरापुरतं. मसुदा तोच, गंगाधररावांचा. पाचवा परिच्छेद तोच. ‘वाचून दाखविला’ ही ओळही तीच. वाचला कुणीच नव्हता, कारण पोलादपूरची गाडी लागली होती. मग काही वर्षांनी कळलं की आजोबांनी विकली असं सगळे समजत होते ती वरंधची जागा त्यांच्या नावे तशीच पडून आहे, आंब्यांसकट. मी कागद काढला, पाचवा परिच्छेद वाचला आणि जागा एकट्याच्या नावावर करून घेतली. कायद्याने बिनचूक. दरवर्षी मे महिन्यात त्या झाडांच्या आंब्यांची एक पेटी रूपालीला पाठवायचो, आणि ती फोन करून म्हणायची, “दादा, किती रे करतोस माझ्यासाठी.” मीही ते ऐकून घ्यायचो.

असो. यशराज वकील बाहेर आले, झाला प्रकार कळला आणि तापले. माणूस वाईट नाही, पण तरुण आहे, घड्याळ बघून जगतो. “ताई, हे असं जाहीर वाचन चालणार नाही. लोक शंका काढतात, एकेका दस्ताला तास जातो. कानात घालून ऐका. नाहीतर मला नाक्यावरच्या डीटीपीवाल्याकडे जावं लागेल.”

ताईंचं निम्मं काम एकट्या यशराजचं होतं. ते गेलं की टेबल गेलं, हे शेडमधल्या कुत्र्यालाही कळत होतं. मी पण म्हटलं, “घाला ना ताई, एका कानात तरी घाला.” माझ्या म्हणण्यात ताईंची काळजी किती आणि पाचव्या परिच्छेदाची किती, ते माझं मला माहीत.

ताईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. “यशराज, तुम्ही माझ्या मुलासारखे. मी खाली काय टाइप करते? वाचून दाखविला. बत्तीस वर्षं ही ओळ मी खोटी लिहिली. डोळे होते तेव्हा खोटी लिहिली. आता कुठे खरी व्हायला लागली आहे, ती मी पुन्हा खोटी करणार नाही. तुम्ही खुशाल जा.”

यशराज गेले. बाकीचेही वाऱ्याची दिशा बघून गेले. नऊ दिवस ताई सकाळी दहाला यायच्या, कॉम्प्युटर पुसायच्या, “चिटणीस, वेळ सांग” म्हणायच्या आणि तो सांगायचा. दिवसभरात एखादा वीजबिलाचा अर्ज. डबा खाताना त्या मला हसून म्हणाल्या, “राजाभाऊ, तुमचं टेबल ऐसपैस व्हायची वेळ आली बहुतेक.” म्हणजे तेही त्यांना माहीत होतं! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

दहाव्या दिवशी हफिजाबी आली. सोबत तुडीलच्या तीन बाया, दोन तिच्या मोहल्ल्यातल्या, एक आगरआळीतली. एकीच्या हातात सासऱ्याचं वाटणीपत्र, एकीचा कसलासा करारनामा. “बाई, वाचणारा कुठं हाय तो? ह्यांना पण ऐकायचा हाय.” टाइप करायला नाही, आधी टाइप झालेलं ऐकायला! ताईंनी श्रियाकडून स्कॅनर मागवून घेतला. त्याच आठवड्यात वरंधचा श्रीपत, पिवळा पडलेला कागद घेऊन. मग त्याची भावजय. मग बिरवाडीहून कुणी. शेडमधल्या बाकावर माणसं रांगेने बसू लागली आणि ज्याचा कागद नाही तोही दुसऱ्याचा ऐकू लागला. डीटीपीवाल्याकडे यशराजचे पक्षकार विचारू लागले, “तुमचा कॉम्प्युटर बोलतो का? नाय? मग आमी वाचणाऱ्या बाईंकडं जातो.” दीड महिन्यात यशराज वकील परत आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “ताई, मसुदा सांगतो. पाचवा परिच्छेद सोडून.” ताईंनी त्यांच्यासाठी चहा सांगितला. चिटणिसाने वेळ सांगितली, कुणी विचारली नव्हती तरी.

आज तालुक्यात कुणाला विचारा. शेडमधल्या दस्ताखाली सरोज नातेकरांचं नाव असलं तर तो ऐकलेला दस्त आहे, हे लोक धरून चालतात. डोळे गेलेल्या बाईने ही पत कमावली आहे. आम्हा डोळसांना सव्वीस वर्षांत कमावता आली नाही.

आता माझं. या मेमध्ये मी आंब्यांची पेटी पाठवली नाही. रूपालीला फोन केला आणि म्हटलं, तूच ये. ती सकाळच्या गाडीने आली. मी तिला शेडमध्ये नेलं, बाकावर बसवलं, दोन हजार नऊचा दस्त काढला आणि ताईंसमोर ठेवला. “ताई, चिटणिसाला हिला हे वाचून दाखवायला सांगा.”

ताईंनी कागदावरून हात फिरवला. “कुणाचा आहे?”

मी सांगितलं.

“मग चिटणिसाला कशाला त्रास?” त्या म्हणाल्या. “तुम्हाला डोळे आहेत. आवाजही खणखणीत आहे. तुम्हीच वाचा, मी रुजुवात घेते.”

मी वाचायला लागलो. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. रूपाली पर्स मांडीवर धरून ऐकत होती, लग्नाची पत्रिका ऐकावी तशी. आणि माझी जीभ फिरली. देवाशपथ सांगतो, ठरवून नाही. चौथा संपला आणि मी वाचलं, “येणेप्रमाणे हे हक्कसोडपत्र...”

“राजाभाऊ,” ताई म्हणाल्या, “एक परिच्छेद राहिला.”

मी पाचवा परिच्छेद वाचला. माझा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे, चिटणिसाने माझ्यापेक्षा बरा वाचला असता. मग मी रूपालीला वरंधच्या जागेचं सगळं सांगितलं.

तिने मांडीवरची पर्स बाकावर ठेवली. मग म्हणाली, “म्हणजे दादा, ते आंबे माझेपण होते?”

“हो.”

“आणि दरवर्षी मी तुझे आभार मानत होते.”

“हो.”

मी ताईंना सांगितलं, वरंधच्या जागेतला निम्मा हिस्सा हिच्या नावे करायचा आहे, दस्त करा. ताईंनी एक शब्द विचारला नाही. मी सांगत गेलो, त्यांची बोटं चालत राहिली. गट नंबर, चतुःसीमा, आंब्याची झाडे नऊ. यशराज वकिलांनी बाजूला उभं राहून दोन दुरुस्त्या सुचवल्या. “चिटणीस, वाच,” ताई म्हणाल्या, आणि त्या सर्दी झालेल्या आवाजात माझ्या आजोबांची जागा अख्ख्या शेडला ऐकू जाऊ लागली. रूपाली डोळे पुसत ऐकत होती. चिटणीस झाडांपर्यंत आला आणि ती एकदम उठून उभी राहिली.

“थांबवा ताई. नऊ नाहीत, दहा आहेत. विहिरीकडेचं मी लावलंय. आजोबांबरोबर गेले होते तेव्हा, कोय पुरून.”

मी तोंड उघडलं, पण ताईंनी हात वर केला. बोटं कीबोर्डवर गेली, एक आकडा पुसला, एक टाइप झाला.

“चिटणीस, पुन्हा वाच,” ताई म्हणाल्या. “पहिल्यापासून.”